स्टिकरचे पैसे

२०२५च्या डिसेंबरात भाच्याचा फोन आला. तो पुण्यात शिकतो आणि तेव्हा स्वतःच्या हाताने संगणक जोडण्याच्या उद्योगाला लागला होता. प्रोसेसर ठरला, मदरबोर्ड ठरला, कॅबिनेटसुद्धा ठरले. घोडे अडले ते रॅमपाशी. त्या काही आठवड्यांत रॅमचे भाव बघता बघता दुपटीच्या पुढे गेले होते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांना लागणारी मेमरी पुरवण्यात कारखाने गुंतले आणि घरगुती गिऱ्हाइकाच्या वाट्याचा माल आटला. त्याच महिन्यात मायक्रॉन कंपनीने 'क्रूशियल' हे आपले किरकोळ विक्रीचे जुने नाव गुंडाळत असल्याचे जाहीर केले. भाचा ज्या पट्टीवर डोळा ठेवून होता ती नेमकी त्याच नावाची. दुकानदाराने तिच्याऐवजी दुसरी एक पुढे केली.

"नाव कधी ऐकलेलं नाही, मामा. पण आतल्या चिपा त्याच आहेत म्हणतो. तीन हजार वाचतात. काय करू?"

'आतल्या चिपा त्याच आहेत' हे शब्द ऐकून आम्ही अंमळ गप्प झालो. हेच वाक्य आम्ही एकवीस वर्षांपूर्वी ऐकले होते, त्यावर मान डोलावली होती, आणि ती मान कोठे डोलावली हे उमजायला पुढे दोन वर्षे गेली होती. एवढे सगळे फोनवर सांगणे जमले नाही. "उद्या करतो फोन," असे म्हणून ठेवून दिला. ते सगळे आता येथे लिहीत आहोत.

आमचे वडील, म्हणजे अण्णा, कुलाबा जिल्ह्यात प्राथमिक शिक्षक होते. (१९८१ पासून त्या जिल्ह्याचे नाव रायगड झाले, अण्णा शेवटपर्यंत कुलाबाच म्हणत.) बदल्यांमुळे पेण, रोहा, माणगाव, महाड असे चारही तालुके त्यांच्या पायांखालून गेले, आणि सुट्टीच्या दिवशी शेतावर जाऊन भातशेतीचे शब्द टिपायचे ही सवय त्यांना कधीतरी साठच्या दशकात लागली ती लागलीच. पोस्टकार्डाएवढे जाड कार्ड. वर डाव्या कोपऱ्यात शब्द, मध्ये अर्थ, त्याखाली शब्द ज्या वाक्यात कानी पडला ते वाक्य जसेच्या तसे, आणि खाली उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात तीन गोष्टी: सांगणाऱ्याचे नाव, गाव, तारीख. अशी तीन हजारांहून अधिक कार्डे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत भरून त्यांच्या खाटेखाली होती. त्यांचा क्रम अकारविल्हे नव्हता. राब भाजण्यापासून धान्य कणगीत पडेपर्यंत शेतीचे काम जसे पुढे सरकते तसे ते शब्द लावलेले होते. या क्रमाने पुढे आम्हाला चांगलेच रडवले. ते यथावकाश येईल.

२००४ साली अण्णा सत्तरीला टेकले आणि हे सगळे संगणकावर घ्यायचे असे आम्ही ठरवले. पैसे त्यांनीच दिले, पेन्शनीतून बाजूला टाकलेले. त्या काळी घरगुती संगणक घ्यायचा म्हणजे असेंबल्ड घ्यायचा आणि असेंबल्ड घ्यायचा म्हणजे लॅमिंग्टन रोड गाठायचा, हे डोंबिवलीकरांना सांगावे लागत नसे. ग्रँट रोडला पूर्वेला उतरून चार पावले चालले की तो रस्ता लागतो. पाटीवर त्याचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण १९०७ सालीच मुंबई सोडून गेलेल्या गव्हर्नरसाहेबाचे नाव लोकांच्या तोंडून काही गेलेले नाही. दोन्ही बाजूंना दुकाने, दुकानांच्या पोटात दुकाने, जिन्याखाली दुकाने. प्रत्येक ठिकाणी कोटेशनचा कागद घ्यायचा, पुढच्या दुकानात तो दाखवून शंभर रुपये कमी करून घ्यायचे, आणि पाचव्या दुकानात थकून हो म्हणायचे, अशी रीत.

आम्हीही पाचव्या दुकानात हो म्हटले. कागदावर २५६ एमबी रॅमपुढे दोन आकडे होते. एक किंग्स्टनचा, आणि साडेचारशे रुपयांनी कमी असा दुसरा, ज्यापुढे नुसते 'लोकल' लिहिलेले. आमची नजर त्या दोन आकड्यांत घुटमळते आहे हे दुकानदाराच्या ध्यानात आले. त्याने दोन्ही पट्ट्या काउंटरवर शेजारी शेजारी ठेवल्या. दोन्ही हिरव्या, दोन्हींवर आठ-आठ काळ्या चिपा. "साहेब, चीप तीच. बनवणाऱ्या कंपन्या जगात चार-पाच. हे लोक फक्त स्टिकर लावतात. स्टिकरचे पैसे कशाला देता?"

युक्तिवाद बिनतोड होता, आणि त्याहून पंचाईत म्हणजे तो बराचसा खराही होता. मेमरीच्या चिपा घडवणे हा अफाट भांडवलाचा उद्योग आहे. २००४ साली सॅमसंग, हायनिक्स, मायक्रॉन, इन्फिनिऑन, एल्पिडा अशी मोजकी नावे त्यात ठळक होती; आज तर सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांकडेच बहुतेक बाजार आहे. किंग्स्टन स्वतः या चिपा घडवत नाही. इतरांच्या घेते, पट्ट्यांवर बसवते, तपासते आणि विकते. एकाच नावाच्या, एकाच क्रमांकाच्या पट्टीवर या महिन्यात एका कारखान्याच्या आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्याच्या चिपा निघाव्यात, हे या धंद्यात नेहमीचे. आणि मोठ्या नावांच्या सचोटीविषयी कोणी गळा काढू लागलाच तर त्याला त्याच सुमाराचे प्रकरण आठवून द्यावे. १९९९ ते २००२ या काळात संगनमताने भाव ठरवल्याबद्दल अमेरिकेत इन्फिनिऑनने २००४ साली १६ कोटी डॉलर, हायनिक्सने २००५ साली साडेअठरा कोटी आणि सॅमसंगने त्याच वर्षी ३० कोटी डॉलर दंड कबूल केला. मायक्रॉन तपासयंत्रणेला सामील झाली म्हणून दंडातून सुटली. तेव्हा नाव म्हणजे पुण्याई, असा भाबडा समज आमचा तेव्हाही नव्हता आणि आजही नाही.

पण दुकानदाराच्या वाक्यात एक फट होती आणि ती आम्हाला दिसली नाही. चीप तीच असेल. तिची तपासणी तीच होती का? मेमरीचा एक कण म्हणजे विजेचा इवलासा साठा आणि त्याच्या तोंडाशी एक ट्रान्झिस्टर. साठ्यात वीज असली तर एक, नसली तर शून्य. रॉबर्ट डेनार्ड यांनी आयबीएममध्ये साठच्या दशकात काढलेली ही युक्ती अजून चालू आहे. साठा गळका असतो, म्हणून प्रत्येक कण सेकंदाला पंधराहून अधिक वेळा वाचून पुन्हा भरावा लागतो. २५६ एमबीच्या पट्टीत असे कण किती? २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४८. एवढ्यांपैकी एखादा मठ्ठ निघणार हे घडवणाऱ्यालाही ठाऊक असते. त्यासाठी राखीव ओळी ठेवलेल्या असतात, चिपा तापवून, ताणून, वेगवेगळ्या वेगांवर पळवून पाहिल्या जातात. या तपासणीला वेळ लागतो, यंत्रे लागतात, म्हणजे पैसे लागतात. म्हणून या बाजारात पुरत्या न तपासलेल्या, किंवा वरवर तपासलेल्या चिपाही वेगळ्या, कमी भावाने विकल्या जातात. कोणी काही लबाडी करत नाही. त्या तशाच म्हणून विकल्या जातात. त्या घेणारा त्यांची पट्टी बांधतो, तो ती घाऊक व्यापाऱ्याला देतो, तो लॅमिंग्टन रोडला. तपासणी करायचे काम हातोहात पुढे ढकलले जाते आणि शेवटी गिऱ्हाइकाच्या घरी येऊन पडते. साडेचारशे रुपये त्या कामाची मजुरी होती. मजुरी आम्ही खिशात घातली आणि काम केले नाही.

करता आले असते. मेमटेस्ट नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम तेव्हाही होता. फ्लॉपीवर घालून रात्रभर चालवायचा, एवढेच. आम्हाला त्याचे नावही ठाऊक होते.

टंकलेखन सुरू झाले. दिवसभर कचेरी, रात्री जेवणानंतर दोन तास कार्डे. बरहातून मराठी उमटवायचे, नोटपॅडमध्ये युनिकोड म्हणून साठवायचे. महिन्याभरात आमच्या लक्षात आले की प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यातल्या त्या तीन गोष्टींना शब्द-अर्थाइतकाच वेळ जातो. नावे लागत नाहीत, तारखा पुसट आहेत. मग आम्ही त्या वगळू लागलो. पहिल्या छापील पानांवर अण्णांनी लाल पेन फिरवले आणि विचारले, "सांगणाऱ्याचं नाव कुठे गेलं?"

"नंतर भरू, अण्णा. आधी शब्द तर होऊ देत."

अण्णा काही बोलले नाहीत. त्यांचे न बोलणे आम्हाला संमतीसारखे वाटले.

संगणक अधूनमधून निळा पडत असे. कधी एखादा फोटो अर्ध्यावर जांभळ्या पट्ट्यांचा होई. दोष आम्ही क्रमाने विजेला, व्हायरसला आणि विंडोजला दिला. भारनियमनाचे दिवस होते, विजेवर काहीही खपून जाई. निळा पडदा दुपारीच अधिक, आणि मे महिन्यात सर्वांत अधिक येतो, हे ध्यानात आले होते, पण उन्हाळ्यात आम्हीही बिघडतो, म्हणून त्याचे विशेष वाटले नाही. (गळका साठा उष्णतेने अधिक गळतो, हे आज ठाऊक आहे.)

मग २६ जुलै २००५ उजाडला. मुंबईचे पाणी सर्वांना आठवते; उल्हास नदीने बदलापूरला काय केले हे तेथल्यांनाच आठवते. अण्णा बदलापुरात तळमजल्यावर राहत. शेजाऱ्यांनी त्यांना आणि आईला वरच्या मजल्यावर नेले म्हणून ती दोघे वाचली. आम्हाला तेथे पोहोचायला दोन दिवस लागले. घरात गुडघाभर गाळ होता आणि खाटेखालचे डबे खाटेवर येऊन बसले होते. कार्डांचा लगदा झाला होता. अण्णांची शाई निळी, धुतली जाणारी. ज्या कार्डांचा कागद टिकला त्यांवरही फिकट निळ्या ढगांखेरीज काही नव्हते.

अण्णा जिन्याच्या पायरीवर बसले होते. आम्ही त्यांच्याजवळ जाऊन म्हणालो, "काळजी करू नका अण्णा. सगळं कॉम्प्युटरमध्ये आहे. महिन्यापूर्वीच पुरं झालंय." त्यांनी आमचा हात धरला. आयुष्यात इतक्या खात्रीने आम्ही त्यांना क्वचितच काही सांगितले असेल.

२००६च्या उन्हाळ्यात छपाईच्या विचाराने ती फाइल आम्ही पहिल्यापासून वाचायला घेतली आणि एका जागी अडखळलो. 'नांगर' या शब्दातील न खाली एक टिंब होते. ऩांगर. पडद्यावर धूळ असेल म्हणून बोटाने पुसले. टिंब गेले नाही. असे अक्षर आहे. तमिळमधला एक न देवनागरीत दाखवण्यासाठी युनिकोडमध्ये त्याची सोय केलेली आहे. पण बरहात आमच्या हातून ते उमटणे शक्य नव्हते, आणि रोह्याच्या शेतकऱ्याने तमिळमध्ये नांगर धरला असेल हेही संभवत नव्हते. पुढे पाहतो तो ओळीच्या मधोमध उद्गारचिन्ह. 'भात!झोडणे'. अण्णांनी उभ्या आयुष्यात उद्गारचिन्ह वापरले नव्हते. ते चिन्ह असंस्कृतपणाचे लक्षण आहे असे ते वर्गात सांगत. आणखी पुढे 'गळ्यावर मळणी चालली आहे' असे वाक्य. खळ्यावर हवे होते.

त्या रात्री मेमटेस्ट लावला. पाचव्या मिनिटाला लाल ओळी येऊ लागल्या. पट्टीच्या वरच्या टोकाला, काही ठरावीक पत्त्यांवर, तोच तो एक बिट. लिहा शून्य, वाचा एक. दर वेळी.

कोणाला ही गोष्ट शुष्क वाटेल, पण आम्हाला त्या रात्री जे कळले ते आम्ही मराठीच्या वर्गात कधी शिकलो नव्हतो. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला क्रमांक असतो आणि शेवटचा बिट तो क्रमांक सम की विषम हे ठरवतो. आमच्या पट्टीतला तो कण कायम एक धरून बसला होता, म्हणजे त्याच्या तावडीत सापडलेले समक्रमांकाचे अक्षर पुढच्या विषम अक्षरात बदलणार. विषम असेल त्याला धक्का नाही. त २३४०, थ २३४१. द २३४२, ध २३४३. पचा फ होतो, बचा भ, चचा छ, जचा झ. एवढ्याने भागले असते तर मराठी बोलणाऱ्याला महाप्राणाची ढास लागली असे म्हणून हसलो असतो. पण मचा य होतो, सचा ह, लचा ळ, खचा ग. काना पहिल्या वेलांटीत जातो, दुसरी वेलांटी पहिल्या उकारात. आणि दोन शब्दांमधली मोकळी जागा, क्रमांक ३२, उद्गारचिन्ह होते, क्रमांक ३३. फाइल उघडावी, तिचा एखादा तुकडा त्या पत्त्यावर बसावा, एक अक्षर बदलावे, आणि आम्ही इमानाने ते साठवून ठेवावे. दर रात्री. वर्षभर. संगणकाने एकदाही तक्रार केली नाही, कारण त्याच्या लेखी 'खळे' आणि 'गळे' दोन्ही सारखीच शुद्ध.

सर्व्हरमध्ये जी मेमरी घालतात तिच्यात दर चौसष्ट बिटांमागे आठ बिट राखणदारीला असतात. एक बिट बदलला तर तो ओळखून दुरुस्त होतो. वेदपाठी घनपाठात तेच शब्द उलटसुलट, पुन्हा पुन्हा म्हणतात, त्यामागचा हिशेब काही वेगळा नाही. २००९ साली गूगलच्या सर्व्हरांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात वर्षभरात आठ टक्क्यांहून अधिक पट्ट्यांमध्ये चुका आढळल्या. म्हणजे चोख मालही चुकतो. पण तेथे चुका मोजल्या गेल्या, कारण मोजायची सोय होती. आमच्या घरगुती पट्टीला राखणदार नव्हता. शब्द अकारविल्हे असते तर निदान थरवा हा शब्द त मध्ये का बसला आहे, असा संशय आला असता. वर्णक्रम हीदेखील एक राखणदारीच, पण अण्णांचा क्रम शेताचा होता.

जुन्या पोथ्यांचे संपादन करणाऱ्यांना लेखनिकाची चूक ओळखता येते, कारण ती माणसाची असते. डोळा एका ओळीवरून दुसरीवर घसरतो, न कळलेल्या शब्दाजागी कळलेला येतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली तेव्हा त्यांच्यासमोर अशा माणसांच्या चुका होत्या. आमचा लेखनिक मठ्ठ होता, पण एका परीने सोयीचा, कारण त्याची चूक एकाच दिशेने जाणारी होती. ज्या शब्दात विषम अक्षर आहे आणि ते सम केले तर दुसरा शब्द निघतो, तो संशयित. अशी यादी करायला आम्हाला तीन आठवडे लागले. उद्गारचिन्हे आणि टिंबे चटकन सापडली. 'युडा' म्हणजे मुडा हे उघड होते. 'ळोंबी' म्हणजे लोंबी. 'येर' पाशी थांबलो: मेर असणार, शेताच्या कडेची, पण येर हा जुना मराठी शब्द आहेच. आणि त्यापुढे खरे संकट होते. अण्णा शब्द टिपत ते लोक बोलतात तसे. त्यांच्या कार्डांवर एकाच शब्दाची तीन-तीन रूपे असत, आणि सचा ह, लचा ळ हे पट्टीच जाणत होती असे नाही, गावेही जाणतात. 'हुगी' ही सुगीची बिघडलेली प्रत, की माणगावच्या कोणा म्हाताऱ्याच्या तोंडची सुगी? तरवा म्हणजे भाताची रोपे. 'थरवा' म्हणजे काय?

यादी घेऊन अण्णांकडे गेलो. झाले ते सगळे सांगितले. साडेचारशे रुपयेही सांगितले. त्यांनी रागावण्याऐवजी चष्मा लावला. बहुतेक शब्द त्यांनी एका बैठकीत सोडवले. कोठे हसले, कोठे "छे, छे" म्हणाले. 'हुगी'पाशी आले आणि पेन वर धरून राहिले.

"असं म्हणत होतं कोणीतरी. पण कोण?"

थरवापाशी पुन्हा तेच. अखेर बावीस शब्द उरले. त्यांनी पेनाला टोपण घातले. "कार्डावर नाव होतं," ते म्हणाले. "नाव असतं तर जाऊन विचारता आलं असतं. तेवढ्यासाठीच लिहायचो मी."

त्या पावसाळ्यात आम्ही पट्टी घेऊन लॅमिंग्टन रोडला गेलो. वॉरंटी वर्षाची होती, ती उलटून गेलेली, तरी गेलो. दुकानदाराने आम्हाला ओळखले. वागायला सज्जन माणूस. त्याने पट्टी उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाला, "साहेब, कंपनीची असती तर मी आजच पाठवली असती. त्यांची लाइफटाइम असते. पण ही कोणाकडे पाठवू?" काउंटरवर बोटाने पट्टी आमच्याकडे सरकवत त्याने नवी घेतली तर शंभर रुपये कमी करतो म्हणून सांगितले. नवी घेतली, स्टिकरची. घरी येऊन तीही रात्रभर तपासली. स्टिकरसुद्धा खोटे मिळतात, हे त्याच गल्लीत ऐकले होते.

अण्णा २००९ साली गेले. त्यांच्या जुन्या रोजनिशा आईच्या ट्रंकेत, वरच्या फडताळात होत्या म्हणून पुरातून वाचल्या होत्या. त्यांत कोणत्या रविवारी कोणाच्या शेतावर गेलो याच्या नोंदी आहेत. त्यांवरून नावे जुळवीत आम्ही तीन वर्षे दिवाळीच्या सुट्टीत हिंडलो. सांगणाऱ्यांपैकी फार थोडे उरले होते. अनेक शेतांवर आता बंगले आहेत. माणगाव तालुक्यात एका घरी आजी भेटल्या, नव्वदीच्या आसपासच्या. अण्णांच्या रोजनिशीत त्यांच्या नवऱ्याचे नाव होते. आम्ही विचारले, "आजी, लावणीच्या आधी ती रोपं असतात, त्याला काय म्हणता तुम्ही?"

त्यांनी सांगितले. तोंडात दात नव्हता. आम्ही तीनदा विचारले, तीनदा त्यांनी सांगितले, आणि आम्हाला ऐकू आले ते त आणि थ यांच्या मधले काहीतरी. सून हसू लागली. आजींनी विचारले, "मास्तरांचा मुलगा का तुम्ही? ते पण असेच परत परत विचारायचे."

नवे कार्ड काढून कोपऱ्यात त्यांचे नाव, गाव आणि तारीख लिहिली. बावीसपैकी नऊ शब्द असे सुटले. हा सुटला असे म्हणवत नाही. तो आम्ही दोन्ही रूपांनी ठेवला आहे, खाली आजींचे नाव घालून.

दुसऱ्या दिवशी भाच्याला फोन केला. नावाची की साधी, हे त्याला सांगितलेच नाही. पट्टी बिघडली तर कोणाच्या नावाने हाक मारायची ते दुकानदाराकडून बिलावर लिहून घे, आणि घरी आणल्यावर विंडोज घालायच्या आधी मेमटेस्ट लाव, एवढे सांगितले. त्याने शेवटी कोणती घेतली ते त्याने सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. आठवड्याने सकाळी सातला त्याचा फोन आला.

"मामा, शून्य चुका!"

"किती फेऱ्या झाल्या?"

"एक."

"चार होऊ देत," आम्ही म्हणालो.